अकरा वळणांची नळी

मित्रांनो, जुन्या मोटारी आपली कहाणी सांगायला बसल्या की दिव्यांबद्दल बोलतात, भोंग्याबद्दल बोलतात, रंगाबद्दल तर बोलतच सुटतात. पोटाखालच्या नळीचं नाव मात्र एकीच्याही तोंडून निघत नाही. म्हणून आज मीच तोंड उघडते. मी एका बदामी रंगाच्या जुन्या मोटारीची पेट्रोलची नळी. मागच्या टाकीतून पेट्रोल घ्यायचं आणि पुढे इंजिनाजवळच्या छोट्या पंपाला नेऊन द्यायचं, एवढंच माझं काम. जाडीला तुमच्या करंगळीहून बारीक, लांबीला सव्वानऊ फुटांच्या आसपास, आणि अंगात अकरा वळणं. त्या वळणांपायीच पुढचा सगळा घोळ झाला.

कारखान्यात पोलादाची पातळ पट्टी गुंडाळून मला घडवलं, भट्टीतून काढलं आणि वरून मुलामा दिला, तेव्हा मी छडीसारखी सरळ होते. मग मला खुंट्या ठोकलेल्या एका फळीवर आडवं घातलं. फळीसमोर एक बाई बाह्या सरसावून उभी होती. तिने मला एकेका खुंटीभोवती हळूहळू वळवलं. पहिलं वळण टाकीला वळसा घालायला, तिसरं चाकांच्या आसाला हलायला जागा द्यायला, सातवं तापलेल्या सायलेन्सरपासून चार बोटं लांब राहायला. एकही वळण हौसेचं नव्हतं. अकरावं झालं तेव्हा तिने मला उचलून डोळ्यासमोर धरलं आणि शेजारणीला म्हणाली, "ही बघ, कशी लवून आली!" माझ्या आयुष्यातलं कौतुक म्हणावं तर तेवढंच. पुढे गाडीखाली बसवल्यावर कोण कशाला बघतंय?

ती गाडी फिरत फिरत एका घड्याळजीच्या दारात आली. त्यांना सगळे काका म्हणायचे आणि त्यांच्या बायकोला काकू. काकांचं दुकान म्हणजे जिन्याखालची दीड माणसाची जागा. अर्धा माणूस म्हणजे गिऱ्हाईक, त्याने बाहेरच उभं राहायचं. पण काकांचा जीव होता मोठ्या घड्याळांत. शाळेवरचं, स्टेशनातलं, गिरणीच्या मनोऱ्यावरचं, असली आठ घड्याळं त्यांच्या देखरेखीखाली होती. दर गुरुवारी दुकान बंद ठेवून, टपावर शिडी बांधून ते निघायचे. काकू शेजारी. त्या शिवणकाम करायच्या, तेव्हा मांडीवर कपड्यांचं गाठोडं असायचंच. गाडी चालत असताना काजं-बटणं उरकायची आणि खड्ड्यात सुई टोचली की "बघून चालवा ना!" म्हणून काकांवर असं खेकसायचं, जणू तो खड्डा त्यांनीच खणलाय.

कुठेही थांबलो की लोक गाडीभोवती जमायचे. "काय रंग आहे!" "काका, भोंगा वाजवा ना एकदा!" भोंगा वाजला की टाळ्या. मी खाली चिखल अंगावर घेत पडलेली. तक्रार नव्हती हो माझी. पेट्रोल पोचतंय तोवर नळी आहे हे कुणाच्या ध्यानात येत नाही, आणि ते तसंच बरं असतं.

एकच खोड होती आमच्या गाडीला. उन्हाच्या वेळी चढावर ती बंद पडायची. मग अर्धा तास झाडाखाली.

"झाली हिची वामकुक्षी सुरू," काकू म्हणायच्या. "तुमच्यावर गेलीय."

"इंजिन तापतंय," काका म्हणायचे.

"मग तुम्ही का घोरताय?"

खरं कारण मला ठाऊक होतं. मागे कधीतरी एका घाईच्या मिस्त्रीने खालचं काम करताना मला पायाने बाजूला रेटलं होतं. माझं सातवं वळण सपाट झालं आणि मी सायलेन्सरला जवळजवळ चिकटले. उन्हात माझ्या पोटातलं पेट्रोल उकळायचं, त्याचे बुडबुडे व्हायचे आणि बुडबुड्यांतून पंपाला काही ओढता यायचं नाही. पण सांगणार कुणाला? नळीला तोंडं दोन असतात, बोलता एकातूनही येत नाही.

अशी कितीतरी वर्षं गेली. मग काकांचे हात थरथरायला लागले. आधी चहाचा कप वाजायचा, मग चिमटा. एके दिवशी एका छोट्या घड्याळातली केसासारखी कमान त्यांच्या हातून पिळली गेली. काकांनी ते घड्याळ डबीत ठेवलं, दुकानाचं दार ओढून घेतलं आणि किल्ली काकूंच्या हातात दिली. "आता बास," एवढंच म्हणाले. मोठी घड्याळंही दुसऱ्याकडे गेली. काका गॅलरीतल्या खुर्चीत बसले ते बसलेच. समोर भिंत होती. भिंतीवर बघण्यासारखं काही नव्हतं, तरी ते बघायचे.

गाडी सहा महिने जागची हलली नाही. माझ्यातलं पेट्रोल शिळं झालं, त्याला आंबूस वास यायला लागला आणि मला आतून गंज धरला. मित्रांनो, कामाने मी कधी थकले नाही. नुसतं उभं राहण्याने मात्र आतून पार पोखरले.

शेवटी काकूंनीच हट्ट धरला. दर गुरुवारी मला कापडबाजारात न्या म्हणाल्या. बस दारावरून जात होती, पण काकांना खुर्चीतून उठवायचं होतं ना! गाडी सुरू झाली आणि महिन्याभरात मला सुईच्या टोकाएवढं भोक पडलं. थेंब गळायला लागला. काकांनी वाकून बघितलं, कपड्याचा साबण ओला केला आणि त्या जागी चोळला. थेंब थांबला. वाटेत अडकलं तर घर गाठण्यापुरता हा इलाज ठीक आहे. काकांनी तो आठ महिने चालवला. काकूंना वाटायचं, साबण इतका लवकर कसा संपतो?

आणि मग तो गुरुवार आला. बाजारातून परतताना माझं साबणाचं बूच निघालं. थेंब तापलेल्या सायलेन्सरवर पडले आणि खालून धुराची बारीक रेघ वर आली. काकांनी गाडी कडेला घेतली, बंद केली, मूठ मूठ माती टाकली. पेट घेतला नाही एवढं नशीब. काकू गाठोडं घेऊन उतरल्या आणि तडक चालत घरी गेल्या. गाडी थंड झाल्यावर काकांनी पुन्हा साबण लावला आणि कशीबशी दारात आणली. काकू पायरीवरच उभ्या होत्या.

"ही गाडी एक तर धड होईल, नाहीतर भंगारात जाईल. पुन्हा पेट्रोलचा वास आला तर मी भंगारवाल्याला बोलावणार."

"बरं," काका म्हणाले आणि आत गेले.

त्या 'बरं'ने काकू धुराहून जास्त घाबरल्या. एरवी गाडीला कुणी नाव ठेवलं तर काका तासभर भांडायचे. आता नुसतं बरं? काकूंना कळून चुकलं, गाडी गेली तर हा माणूस त्या खुर्चीतून पुन्हा उठायचा नाही. आणि गाडी अशीच ठेवली तर एक दिवस जाळ होईल. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या गाडीला टेकून हळू आवाजात फोनवर बोलत होत्या, म्हणून मला ऐकू आलं.

"अरे पहिलवान, मी काकू. येऊन जा जरा गाडी बघायला. मी बोलावलं म्हणू नकोस. सहज आल्यासारखा ये."

पहिलवान म्हणजे गॅरेजवाला. अंगाने इतका किडकिडीत, की पाना उचलला की पानाच त्याला उचलतोय असं वाटायचं. तासाभरात तो हजर झाला.

"काका, इकडून चाललो होतो, म्हटलं बघावं."

"इकडून? तुझं गॅरेज गावाच्या दुसऱ्या टोकाला आहे."

"रस्ता चुकलो."

"तीस वर्षं इथे राहून?"

"चुकतो कधी कधी माणूस," पहिलवान म्हणाला आणि पटकन गाडीखाली सरकला.

गाडी ओढून गॅरेजात नेली. पहिलवानाने माझे जोड सोडले, नऊ क्लिपा उघडल्या आणि मला अलगद बाहेर काढलं. किती वर्षांनी मी उजेड बघितला! त्याने एका टोकात फुंकर मारली, दुसऱ्या टोकातून तपकिरी भुगा पडला.

"ही गेली काका. बाहेरून दिसत नाही, पण आतून भुसा झालाय. ठिगळाचं काम नाही, अख्खी बदलायची. तुमच्या गाडीची तयार नळी आता कुणी करत नाही. सरळ नळी आणून वाकवावी लागेल. तुम्ही हिची लांबी मोजा आणि दुकानात कुठकुठल्या धातूची मिळते ते बघून या."

काकांच्या हाताला काहीतरी काम द्यावं, एवढाच त्याचा हेतू. वळणं जपा, तोच आपला नमुना आहे, हे त्याने सांगितलं नाही. ते काय सांगायला लागतं?

काकांना सांगायला हवं होतं.

काका मला घरी घेऊन आले तेव्हा काकू शिवलेले कपडे पोचवायला गेल्या होत्या. काकांनी मला जमिनीवर ठेवलं आणि काकूंची टेप घेऊन मोजायला बसले. वळणावर टेप घसरायची. एकदा नऊ फूट दोन इंच आलं, एकदा नऊ फूट चार. घड्याळजीला एका प्रश्नाची दोन उत्तरं कशी चालतील? आणि त्या हातांना पन्नास वर्षांची एक सवय होती. वाकलेला काटा आला, सरळ करायचा. वाकलेली पिन आली, सरळ करायची. काकांनी लाकडी हातोडी आणली, मला तळव्यांखाली दाबलं आणि पहिलं वळण उलगडायला घेतलं.

"काका, थांबा!" मी ओरडले. "हा वाकडेपणा नाही, हा माझा आकार आहे!" पण नळीचं ओरडणं म्हणजे नुसती करकर. काका मात्र रंगात आले होते. तळवे दाबून धरल्यावर हात थरथरत नव्हते. सव्वा वर्षात पहिल्यांदा त्यांचे हात त्यांचं ऐकत होते. ते गुणगुणायला लागले. दुसरं, तिसरं, चौथं. तासाभरात मी पुन्हा छडीसारखी सरळ झाले. काकांनी टेप लावली आणि कागदावर लिहिलं, नऊ फूट तीन इंच दोन सूत. खाली ठळक रेघ ओढली.

मग मला खांद्यावर टाकून ते भर रस्त्याने नळ्यांच्या दुकानात निघाले. कोपऱ्यावर वळताना माझं मागचं टोक एका माणसाच्या टोपीला लागलं. काकांनी माफी मागितली ती हसून. हसून!

दुकानदार म्हणाला, "काका, तांब्याची घ्या. कशी चमकते बघा. डोळे मिटून घ्या."

"डोळे मिटून मी आजवर एक स्क्रूसुद्धा घेतलेला नाही," काका म्हणाले. त्यांनी चार तऱ्हांच्या नळ्यांचे वीतभर तुकडे मागून घेतले. तांबं, साधं पोलाद, स्टेनलेस आणि तांब्यात निकेल मिसळलेली एक. तुकडे खिशात, मी खांद्यावर, अशी आमची वरात गॅरेजात पोचली.

पहिलवान गाडीखालून बाहेर आला. माझ्याकडे बघितलं. पुन्हा बघितलं.

"काका, जुनी नळी कुठाय?"

"ही काय! नऊ फूट तीन इंच दोन सूत. केसाचा फरक नाही."

पहिलवान हातातल्या फडक्याला हात पुसतच राहिला. "वळणं कुठे गेली, काका?"

"मोजायला सरळ..." काका बोलता बोलता थांबले. त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग उतरलेला मी बघितला, आणि मला माझ्या मोडलेल्या अंगापेक्षा त्याचंच वाईट वाटलं.

"असू दे काका, गाडीच्या तळाला चिखलात हिची खूण राहते ना, त्यावरून..." आता पहिलवान थांबला. त्याने स्वतःच्या कपाळावर हात मारला. "धुतला! मघाशीच तळ घासून धुतला मी. काकूंना सगळं कसं लख्ख दिसावं म्हणून. आता नुसती क्लिपांची भोकं उरली, त्यांवरून वळणं कळायची नाहीत."

 काका एका टायरवर बसले आणि आपल्या हातांकडे बघत राहिले. घरी पोचल्यावर मला दारामागे टेकवलं आणि आतल्या खोलीत ऐकू जाईल असं म्हणाले, "भंगारवाल्याला बोलव."

"काय झालं?"

"माझ्या हातून आता काही होत नाही. होतं ते उलटं होतं. बोलव त्याला." आणि गॅलरीतल्या खुर्चीत जाऊन बसले.

काकूंनी फोन करून पहिलवानाकडून सगळं ऐकून घेतलं. मग मला दारामागून काढलं आणि कापणीच्या टेबलावर आडवं ठेवलं. माझ्यावरून बोट फिरवत नेलं. एका जागी थांबल्या. पुढे एका जागी पुन्हा थांबल्या. काकूंनी आयुष्यभर जुने कपडे उसवून नवे केलेत. शिवण उसवली तरी टाक्यांची भोकं राहतात, दुमड सोडली तरी तिची रेघ राहते, हे त्यांच्या बोटांना पाठ होतं.

त्यांनी कपाटातून काकांचं भिंग काढलं. सव्वा वर्ष कापसात गुंडाळलेलं. ते घेऊन गॅलरीत गेल्या.

"अहो, उठा. मला दिसत नाही."

"काय दिसत नाही?"

"त्या नळीवर काहीतरी आहे. बोटाला लागतंय, डोळ्याला दिसत नाही. हात थरथरतात ना तुमचे? डोळ्यांना काय झालंय?"

"अगं, आता त्या नळीत काय बघायचंय?"

"ते बघितल्याशिवाय कसं कळणार? उठताय की भिंत सोबत घेऊन जाऊ?"

काका उठले. डोळ्याला भिंग लावून माझ्यावर वाकले.  मी श्वास रोखून पडून होते, म्हणजे नळीला रोखता येतो तेवढा.

"मुलामा तडकलाय," काका हळूच म्हणाले. "इथे. एका बाजूला ताणल्यासारखा, दुसऱ्या बाजूला सुरकुत्या."

"म्हणजे?"

"म्हणजे इथे वळण होतं. सुरकुत्या ती आतली बाजू." त्यांचा आवाज बदलला. "आणि ही बाजू सगळी खड्ड्याखड्ड्यांची, खालून खडी उडायची ती. हे हिचं पोट. वरची गुळगुळीत ती पाठ. खडू आण!"

"माझ्या हातातच आहे. ओरडू नका."

काका बघत गेले, काकू खुणा करत गेल्या. क्लिपांच्या जागी मी घासून चकचकीत झाले होते, त्या नऊ जागाही मिळाल्या. मग काकूंनी कपडे वाळत घालायची जाड तार सोडून आणली आणि एकेक खूण बघून वाकवायला घेतली. "अजून थोडी. अगं, थोडी म्हटलं! गळपट्टी नाही ती." "गळपट्टीला तुमच्या नळीहून जास्त अक्कल लागते." असं भांडत भांडत दहा वळणं झाली. ओले कपडे बादलीत तसेच पडले होते.

मग काका एका जागी फार वेळ अडकले.

"इथेही तडा आहे. पण जुना. यात मळ बसलाय. हे मी नाही सरळ केलं." त्यांनी भिंग पुढे सरकवलं. "आणि इथे निळसर झालीय. भाजलीय ही."

ते सरळ उभे राहिले. "कुणीतरी हे वळण कधीच सपाट केलंय. ही सायलेन्सरला टेकून होती. उन्हात चढावर पेट्रोल हिच्या पोटातच उकळायचं. अगं, वामकुक्षी! ती इंजिनाची नव्हतीच!"

"इतकी वर्षं मी त्या गाडीला आळशी म्हणत होते?"

"मलाही."

"तुमचं अजून सिद्ध व्हायचंय," काकू म्हणाल्या आणि तारेला अकरावं वळण दिलं. पाठ फिरवून दिलं, कारण डोळे पुसायचे होते. माझ्या बाजूने मला स्वच्छ दिसलं.

दुसऱ्या दिवशी ती तार आणि मला गॅरेजात नेलं आणि तार गाडीखाली धरून बघितली. पहिलवान खालून क्लिपांचं एकेक भोक मोजत होता. "एक... दोन... काका, बसली!... पाच..." सातव्याशी तो थबकला. "इथे क्लिपच नव्हती. पण भोक आहे! गंजाने बुजलंय." म्हणजे क्लिपा नऊ नव्हत्या, दहा होत्या. एक त्या घाईच्या मिस्त्रीने परत लावलीच नव्हती. तार बरोबर त्या बुजलेल्या भोकाखालून जात होती, सायलेन्सरपासून चार बोटं लांब.

आता राहिला प्रश्न धातूचा. पहिलवानाने चार तुकडे बाकावर मांडले. काकांना माझ्यासारखंच पोलाद हवं होतं. "जसं होतं तसं," म्हणाले. मलाही ते ऐकून बरं वाटलं, का खोटं बोला? आपल्यातलंच कुणी आपल्या जागी यावं असं कुणाला वाटत नाही?

"ही पुन्हा गंजणार का?" काकूंनी विचारलं.

"वीसेक वर्षांनी. गाडी उभी ठेवली तर आधीच," पहिलवान म्हणाला.

"मग नको. ती चमकणारी स्टेनलेसची?"

"गंजणार नाही. पण हाताने अकरा वळणं घ्यायला ती फार अडेल, आणि तिची टोकं फुलवून जोडात घट्ट बसवायला माझ्याकडचं यंत्र पुरायचं नाही. टोक नीट बसलं नाही की पुन्हा थेंब."

"मग तांबं?"

पहिलवानाने तांब्याचा तुकडा काकांच्या हातात दिला. "वाकवा." लोण्यासारखा वाकला. "परत सरळ. परत वाकवा." पाचव्यांदा तो अडायला लागला, अजून काही वेळा केल्यावर काठावर बारीक तडा दिसला. "बघितलंत? तांबं आधी मऊ असतं. पण गाडी म्हणजे सारखी थरथर. थरथरून थरथरून ते कडक होतं आणि एक दिवस तडकतं."

 काकांनी तो तुकडा बाकावर ठेवला आणि आपला उजवा हात डाव्या हाताखाली घेतला. पहिलवानाला काय बोलून बसलो ते कळलं आणि तो उगाच पाने लावायला लागला.

काकांनीच चौथा तुकडा उचलला. तांब्यात निकेल मिसळलेला, फिकट, फारसा न चमकणारा. "आणि ही?"

"ही गंजत नाही. हाताने वळते. आणि..." पहिलवान अडखळला.

"बोल की."

"थरथर सोसते, काका. क्लिपा नीट जवळ जवळ दिल्या की वर्षानुवर्षं सोसते."

काकांनी तो तुकडा भिंगाखाली धरला, उलटा-पालटा केला. हात थरथरत होता. भिंगाखाली तुकडाही थरथरत होता.

"मग हीच," ते म्हणाले.

नवी नळी आली. काकूंनी तिला तारेबरहुकूम, खुंट्यांऐवजी दोऱ्याच्या मोठ्या रिळांभोवती वळवलं, म्हणजे कुठे चेपायला नको. पहिलवानाने टोकं कानशीने साफ केली, फुलवली आणि आतून हवा मारली. काकांनी प्रत्येक टोक भिंगातून बघितलं आणि एक पुन्हा करायला लावलं. पहिलवान कुरकुरला, पण केलं. दहा क्लिपा लागल्या. नऊ नाही, दहा!

काकूंचा अजून विश्वास बसला नव्हता. त्यांनी गाडीखाली आपला नमुने कापायचा खाकी कागद टाकीपासून इंजिनापर्यंत अंथरला आणि पहिलवानाला म्हणाल्या, "इंजिन चालव, बंद कर, परत चालव. सकाळपासून संध्याकाळपर्यंत." काका तिथेच स्टूल टाकून बसले. त्या दिवशी ते किती वेळा वाकून कागदाकडे बघत होते ते मी मोजलं नाही. उन्हं कलल्यावर काकूंनी कागद ओढून बाहेर काढला, उजेडात धरला, उलटून बघितला, वास घेतला. कोरा.

त्यांनी कागदाची घडी घातली. गाडीचं दार उघडलं, आत बसल्या आणि समोर बघत राहिल्या.

"काय झालं?" काकांनी विचारलं.

"काय व्हायचंय? चला ना. त्या चढावर न्या मला. ऊन आहे अजून."

मी बाकावर पडून त्यांना जाताना ऐकलं. माझ्या जागी दुसरी होती. माझी अकरा वळणं तिच्या अंगात होती, पण माझा भाजलेला डाग नव्हता. चढावरून इंजिनाचा आवाज आला, एकसारखा, न अडखळता, आणि पलीकडे उतरून गेला.

तुम्ही विचाराल, मग तुझं काय झालं? मला भंगारात टाकायला निघाला होता पहिलवान. काका म्हणाले, "थांब, हिला उभी चीर." त्यांनी वीतभर तुकडा उभा कापून घेतला आणि दोन्ही अर्धे एका फळीवर शेजारी शेजारी लावले. एकाची बाहेरची बाजू वर, एकाची आतली. बाहेरून बरी दिसणारी मी आणि आतून भुसा झालेली मी. आता ती फळी गॅरेजच्या दारातच आहे. काका दर मंगळवारी आणि शुक्रवारी तिथे येतात. पहिलवानाच्या यंत्रांचे बारीक भाग भिंगातून तपासतात आणि त्याला डोकेदुखी देतात. गिऱ्हाईक म्हणालं, "बाहेरून तर ठीक दिसतंय की हो," की काका त्याला माझ्यासमोर उभं करतात. त्यांचं बोट कापत कापत माझ्या गंजावरून फिरतं, आणि ते कापतं म्हणूनच बहुतेक, माणूस जरा जास्त वाकून बघतो.

मित्रांनो, माझं तुमच्याकडे मागणं मोठं नाही. तुमच्या घरातल्या गाडीखाली, नळाखाली, दिव्याच्या वायरीमागे कुणीतरी माझ्यासारखं मुकाट्याने काम करत असेल. थेंब दिसला तर साबण चोळून विसरू नका. वास आला तर मोठ्या माणसांना सांगा, ते 'बरं' म्हणाले तर पुन्हा सांगा. आणि घरात कुणी हात टेकून भिंतीकडे बघत बसलं असेल, तर त्यांना उगाच आराम करा म्हणू नका. जवळ जा आणि म्हणा, "मला दिसत नाही, तुम्ही बघता का जरा?"